भाऊ राज्य चालवतो, बहीण माणूस जगते: असं का?

सिंहगड रोडवर राहणाऱ्या एका वडिलांचा प्रश्न आहे. थोरला मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तो 'एज ऑफ एम्पायर्स २' आणि 'सिव्हिलायझेशन ६' सोडून दुसरं काही उघडत नाही. धाकटी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, तिची अख्खी दिवाळीची सुट्टी 'बाल्डर्स गेट ३' मध्ये गेली. कॉम्प्युटर घरात एकच. दोघांना एकमेकांचा गेम खेळायला बसवलं, तर अर्ध्या तासात दोघंही कंटाळून उठले. वडील लिहितात, ‘मुलगा निदान डोकं लावून खेळतो. मुलगी तासन्‌तास संवाद वाचते, कॅरेक्टरचे केस बदलत बसते. हा फरक स्वभावाचा की बुद्धीचा? आणि पुढचा गेम कोणता घ्यावा?’

मी पुण्यातच गेम डिझाइन करतो, शिकवतोही. तुमच्या मुलाचे गेम स्ट्रॅटेजी, म्हणजे डावपेचांचे, आणि लेकीचा रोल-प्लेइंग, म्हणजे एक भूमिका जगण्याचा; मी दोन्ही प्रकारांवर काम केलंय. या कामाचा मोठा भाग म्हणजे लोक खेळत असताना त्यांच्या मागे गप्प बसून बघणं. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

बुद्धीचा मुद्दा आधी बाजूला काढू, कारण तो तुमच्या लेकीवर अन्याय करणारा आहे. बाल्डर्स गेट ३ मधली प्रत्येक लढाई पाळीपाळीने खेळली जाते. चार जणांची तुकडी असते. प्रत्येकाला एका पाळीत किती चालता येईल, किती वार करता येतील याला मर्यादा असते. उंचावर उभं राहिलं तर नेम जास्त चांगला लागतो. मंत्र मोजके असतात आणि मुक्काम केल्याशिवाय बहुतेक परत मिळत नाहीत. काही मंत्र असे, की ते चालू असताना मार बसला तर एकाग्रता मोडून मंत्रच संपू शकतो. हे सगळं सांभाळल्याशिवाय ती पुढे गेलेलीच नाही. म्हणजे डावपेच तीही लढवते, फक्त त्यासाठी ती तिथे येत नाही. उलट बाजूने बघा, तुमच्या मुलाला विचारा की सिव्हिलायझेशनमध्ये शेवटचा विश्वासघात कोणी केला. तो तुम्हाला दहा मिनिटं गोष्ट सांगेल.

तुमच्या सोसायटीत पोरं दिवाळीचा किल्ला करतात तेव्हा थोडा वेळ उभं राहून बघा. एक पोरगा वाट कुठून काढायची, बुरूज किती बाहेर आणला म्हणजे दरवाजा झाकला जाईल, याच विचारात चिखलात हात घालून बसलेला असतो. दुसरीला त्याचं काही नसतं. कुंभारवाड्यातून आणलेली चित्रं ती मांडत असते: ही गवळण बाजाराला चालली, हा मावळा रात्रभर जागा आहे म्हणून चिडलाय. किल्ला एकच असतो.

दोन्ही खेळांचं मूळही एकच आहे, आणि ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा युद्धाचा खेळ स्वीकारला गेला: नकाशा, सोंगट्या, फासे आणि निकाल देणारा एक पंच. पुढे हे खेळ छंद म्हणून पसरले. अमेरिकेत १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्ली यांनी असाच एक डाव मांडला, पण बऱ्याच खेळाडूंना सैन्यं देण्याऐवजी त्यांनी गावातल्या एकेका माणसाची भूमिका दिली. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होते. त्यांनी ती कल्पना पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणला. तुमची लेक जे नियम वापरते ते त्याचेच वंशज. टेकडीवर उभं राहून सैन्य हलवणारा माणूस खाली उतरला आणि त्या सैन्यातला एक शिपाई झाला, एवढाच बदल. पण त्या एका बदलाने मरणाचा अर्थ बदलला. वरून बघताना शिपाई मेला तर तो खर्च असतो. तो शिपाई तुम्हीच असाल, तर गोष्ट वेगळी.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही प्रकार निर्णयांवरच चालतात. सिव्हिलायझेशनचे जनक सिड मायर यांचं म्हणणं असं, की गेम म्हणजे रंजक निर्णयांची मालिका. माझा अनुभव असा, की खेळाडू त्या निर्णयाकडून काय मागतो तिथे वाटा फुटतात. स्ट्रॅटेजी खेळणाऱ्याला आपला निर्णय बरोबर होता का हे जाणून घ्यायचं असतं. रोल-प्लेइंग, म्हणजे आरपीजी खेळणाऱ्याला तो निर्णय आपला होता का हे महत्त्वाचं. पहिल्याला निकाल हवा, दुसऱ्याला जबाबदारी.

तुमच्या मुलाच्या शेजारी बसून एज ऑफ एम्पायर्स २ ची पहिली काही मिनिटं बघा. सुरुवातीला साधारण दोनशे अन्न हातात असतं. एका गावकऱ्याला पन्नास अन्न लागतं आणि तो तयार व्हायला पंचवीस सेकंद. म्हणून पहिल्या क्षणाला चार गावकऱ्यांची ऑर्डर जाते, घरं बांधायला घेतली जातात, स्काउट मेंढ्या शोधायला सुटतो. पुढच्या युगात जायला पाचशे अन्न लागणार, ते साठेपर्यंत टाउन सेंटर एक क्षणही रिकामं राहता कामा नये. रिकामं राहिलं पंचवीस सेकंद, तर एक गावकरी कमी. तो नाही म्हणून त्याने तोडलं असतं ते लाकूड नाही, लाकूड नाही म्हणून बराकी उशिरा, आणि तेवढ्यात समोरच्याचे घोडेस्वार तुमच्या लाकूडतोड्यांमध्ये घुसलेले असतात. बाहेरच्याला ही नुसती क्लिक-क्लिक वाटते. मुलाला मात्र ती साखळी पूर्ण दिसत असते. हरल्यावर तो काय करतो ते बघा: बहुतेक वेळा रेकॉर्डिंग लावतो, पुढे-मागे करतो आणि म्हणतो, ‘इथे. सहाव्या मिनिटाला गेला डाव.’ हार त्याच्यासाठी माहिती असते, आणि त्या माहितीच्या जोरावर तो लगेच नवा डाव मांडतो. जुन्या डावाचं सुतक त्याला नसतं.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे एका गेमची प्लेटेस्ट, म्हणजे अर्धवट गेम लोकांना खेळायला देऊन बघणं, चालली होती, चित्रंसुद्धा तात्पुरती होती. गावच्या पाटलाने धान्य लपवलंय, खेळाडूला ते कळलंय, आता सगळ्यांसमोर सांगायचं की नाही, असा प्रसंग. एक कॉलेजची मुलगी तिथे थांबली, माउसवरचा हात काढला आणि मला विचारलं, ‘माझं कॅरेक्टर याच गावात वाढलंय का?’ तिच्यानंतर बसलेल्या मुलानेही बरोबर त्याच जागी थांबून विचारलं, ‘कशात जास्त एक्सपी मिळतात?’ एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण. दोघांचे प्रश्न रास्त होते. तिला माणूस समजून घ्यायचा होता, त्याला पट. दोन्ही प्रश्नांना आमच्याकडे उत्तर हवं, आणि डिझायनर म्हणून खरी कसोटी तिथेच लागते.

यामुळे गेम बनवतानाही आम्ही अगदी उलट्या गोष्टी करतो. 'इन्टू द ब्रीच' नावाचा २०१८ चा छोटासा स्ट्रॅटेजी गेम आहे. त्यात शत्रू पुढच्या पाळीत कुठे मारणार हे तुम्ही चाल करण्याआधीच पटावर दाखवलेलं असतं. काहीच लपवलेलं नाही. त्यामुळे हरलात तर तक्रारीला जागाच उरत नाही, चूक तुमचीच. याउलट 'द विचर' मालिकेच्या २००७ च्या पहिल्या गेममध्ये तुमच्या निर्णयाचे परिणाम मुद्दाम कित्येक तासांनी समोर येतात. कारण साधं आहे. परिणाम लगेच दिसला तर खेळाडू मागचा सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला डाव, उघडून दुसरा पर्याय निवडतो, आणि मग तो निर्णय निर्णयच राहत नाही. एवढे तास उलटून गेले की मागे जाणं जड जातं, आणि झालं ते आपलं म्हणून स्वीकारावं लागतं. एक प्रकार परिणाम आधी दाखवून न्याय्य वाटतो, दुसरा परिणाम लपवून खरा वाटतो.

नशिबाचंही तसंच. स्ट्रॅटेजीवाल्याचा फाशावर फार राग. सैनिकांची तुकडी पाळीपाळीने लढवायच्या 'एक्सकॉम' मध्ये ९५ टक्के नेम असताना गोळी हुकली की भलेभले कीबोर्ड आपटतात. खरं तर सरासरी वीसात एकदा ती हुकणारच, पण माणसाच्या मनाला ९५ म्हणजे नक्की असंच वाटतं. म्हणून 'एक्सकॉम २' च्या सोप्या पातळ्यांवर गेम सलग हुकलेल्या नेमांनंतर गुपचूप खेळाडूच्या बाजूने झुकतो. तुमच्या लेकीच्या गेममध्ये मात्र वीस बाजूंचा फासा पडद्यावर मोठा करून, आवाज करत फिरवतात. संवादाच्या वेळी त्यावर एक पडला की काहीही असो, प्रयत्न फसतो. पहारेकऱ्याला मारलेली थाप उघडी पडते आणि पुढे जे घडतं ते कधीकधी यशापेक्षा जास्त लक्षात राहतं. २०१९ चा 'डिस्को इलिझियम' तर याच्या पुढे गेला. त्यात वेगळी लढाईची व्यवस्थाच नाही. नायकाची चोवीस कौशल्यं त्याच्या डोक्यात त्याच्याशी बोलतात, भांडतात, चुकीचे सल्ले देतात, आणि फसलेले प्रसंग इतके सुंदर लिहिलेत की ते टाळावेसे वाटत नाहीत. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत गेमच्या लिखाणात त्याच्या तोडीचं फार थोडं झालंय.

आणि केस बदलत बसण्याबद्दल. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत कॉलेजची मुलं महिना महिना एका भूमिकेत असतात. ती कशी चालेल, कुठे थांबेल, शर्टाचं वरचं बटण लावेल की नाही, यावर वाद घालतात. भरत नाट्य मंदिरात जाऊन आपण त्यांना टाळ्या देतो. तुमची लेक पडद्यावर तेच करते. भुवईवरचा व्रण कुठे हवा हे ठरवताना ती तो व्रण कधी झाला हेही ठरवत असते, आणि पुढे एखाद्या संवादात तिचं उत्तर त्या व्रणावरून येतं. खेळाडूंच्या प्रेरणांचा अभ्यास करणाऱ्या 'क्वांटिक फाउंड्री' या संस्थेने बारा प्रेरणांची मांडणी केली आहे. त्यात आपलं रूप आणि आपली जागा घडवण्याची ओढ ही स्वतंत्र प्रेरणा आहे, गोष्टीची ओढ वेगळी, दुसऱ्या जगात शिरण्याची वेगळी, डावपेचांची वेगळी. मला ती मांडणी आवडते ती याचसाठी, की त्यात डावपेच आणि गोष्ट एकमेकांच्या विरोधात ठेवलेले नाहीत. एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतं. त्याआधी १९९६ मध्ये रिचर्ड बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते: कमाई करणारे, भटकणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्याला छळणारे. ती विभागणी त्या काळच्या, मजकुरावर चालणाऱ्या सामूहिक गेम्ससाठी होती. ती आज सगळीकडे चिकटवतात ते मला पटत नाही.

मुलगा-मुलगी हा फरकही यात आणू नका. डावपेच हे मुलग्यांचं क्षेत्र म्हणणाऱ्यांनी एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात झालेल्या महिलांच्या बुद्धिबळ ग्रां प्री स्पर्धेतले डाव बघावेत. कोनेरू हंपी जिंकली. माझ्या विद्यार्थ्यांमध्येही बिल्ड ऑर्डर, म्हणजे काय कधी बांधायचं याचा क्रम, पाठ असलेल्या मुली आहेत आणि एका संवादासाठी रात्र जागवणारे मुलगेही आहेत.

भाषेचा अडथळा मात्र खराखुरा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. स्ट्रॅटेजी गेम आकडे, रंग आणि चिन्हांवर चालतो. इंग्रजी जेमतेम असलेला मुलगाही तो आठवड्याभरात पकडतो. आरपीजीत सगळी मजा बोलण्याच्या सुरात असते, टोमण्यात असते, न बोललेल्या वाक्यात असते. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं मला सांगतात की आरपीजी आपल्याला आवडत नाही, आणि थोडं खोलात गेलं की कळतं, त्यांना तो धड वाचताच आला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणला, आपल्या पुराणकथांच्या जगात घडणारा. तो ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे, या दोन्ही प्रकारांत बसत नाही. पण इथल्या मातीतली गोष्ट जगभरच्या पडद्यांवर जाऊ शकते हे त्याने दाखवलं. ज्यात पाटील पाटलासारखा बोलेल आणि आजी आजीसारखी रागवेल असा मोठा मराठी आरपीजी व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. तेव्हा कोणाला काय आवडतं याचं चित्र बरंच बदललेलं दिसेल.

आता तुमच्या घरच्या अर्ध्या तासाबद्दल. तो प्रयोग फसणारच होता. सिव्हिलायझेशन इसवी सन पूर्व ४००० ला सुरू होतो आणि पहिल्या अर्ध्या तासात एक-दोन शहरं आणि रानटी टोळ्या एवढंच असतं. जिच्यात जीव गुंतावा अशी एकही व्यक्ती लेकीला पडद्यावर दिसली नाही. मुलाला बाल्डर्स गेट ३ ने दारातच बारा वर्ग, म्हणजे योद्धा, जादूगार असे पात्राचे प्रकार, समोर ठेवून विचारलं, तू कोण? त्याला हवं होतं की यातला सर्वांत चांगला कोणता, आणि ते कोणी सांगत नाही. त्यापेक्षा असं करा. मुलाला अवघड पातळीवरची एखादी लढाई द्या, लेकीच्याच सेव्हमधली, जिथे ती अडकलेली असेल. गोष्ट तिने तोंडी सांगावी, चाली त्याने कराव्यात. आणि लेकीला सिव्हिलायझेशन एखाद्या राणीचा स्वभाव ठरवून खेळू द्या: ही दिलेला शब्द मोडणार नाही, मग राज्य गेलं तरी चालेल. असं खेळणारे पुष्कळ आहेत. जिंकतात कमी, पण डाव शेवटपर्यंत नेतात. एरवी सिव्हिलायझेशनचे कितीतरी डाव अर्धवटच सुटतात, कारण कोण जिंकणार हे कळलं की स्ट्रॅटेजीवाल्याचा प्रश्न सुटलेला असतो. २०२५ च्या सातव्या आवृत्तीत खेळाचे तीन युगांत तुकडे केले, त्यामागे हेही एक कारण होतं.

घ्यायचाच तर दोघांमध्ये मिळून 'क्रुसेडर किंग्ज ३' घ्या. २०२० चा आहे. वरून बघाल तर नकाशा, वारसाहक्क, कर, युद्धं, सगळं मुलाच्या आवडीचं. नकाशात भारतही आहे. पण तुम्ही राज्य नसता, राजा असता. त्या राजाला स्वभाव असतो, आणि स्वभावाविरुद्ध वागलात तर त्याच्या मनावरचा ताण वाढतो. दयाळू राजाने कैद्याला फाशी दिली तर राज्याचं भलं होईल, पण राजा आतून खचत जाईल, कदाचित दारू पिऊ लागेल. बरोबर निर्णय आणि आपला निर्णय यांची गाठ यात अशी पडते की दोघांना एकमेकांशी बोलावंच लागेल. दुसरा पर्याय 'एक्सकॉम २'. त्यात सैनिकांना नावं देता येतात. मुलाने मित्रांची नावं दिली आणि त्यातला एक कायमचा मेला, तर शिपायाला खर्च समजणं त्याला किती जमतं ते बघा. मला वाटतं तो जुना सेव्ह उघडेल.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मिळतात. क्रुसेडर किंग्ज ३ च्या बाबतीत त्या दोन तासांवर निर्णय घेऊ नका, कारण तेवढ्यात फक्त कुठली खिडकी कुठे उघडते हेच कळतं. आधी गेममधलाच आयर्लंडचा शिकवणीचा डाव दोघांना शेजारी बसवून खेळू द्या, माउस मुलाकडे आणि राजाच्या वतीने उत्तरं द्यायचं काम लेकीकडे.